वहिनींची चार पिंपं

वहिनी पिंपाला कान लावायच्या. आत वाइन फसफसत असताना लोक नाक लावतात, जीभ लावतात, काचेच्या नळीत धरून उजेडाला बघतात. वहिनी मात्र तळघरात गुडघे टेकून बसायच्या, डोक्याचा रुमाल मागे सारायच्या आणि पिंपाच्या पोटाला कान लावून डोळे मिटायच्या. मग उठून म्हणायच्या, "हे परवा शांत होईल. त्या कोपऱ्यातल्याला अजून आठवडा जाईल." आणि अगदी तसंच व्हायचं. धाकट्यानं हे एकदा नाही, शंभरदा पाहिलं होतं, आणि दर वेळी त्याच्या अंगावर काटा यायचा.

धाकटा म्हणजे त्यांचा दीर. पन्नाशी उलटली, दाढी पांढरी झाली, तरी घरात तो धाकटाच. त्याचा धंदा पिंपं बनवण्याचा. ओकच्या फळ्या तासायच्या, आगीवर वाकवायच्या, लोखंडी कड्यांत आवळायच्या. खिळा नाही, डिंक नाही. फळी फळीला अशी भिडवायची की थेंबभरही बाहेर येता कामा नये. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि कोणी विसरलंच तर तो स्वतः आठवण करून द्यायचा. थोरला भाऊ वाइन करायचा, धाकटा पिंपं करायचा आणि बाबा दोघांच्या चुका काढायचे. घर छान चाललं होतं.

त्या घरात वहिनी आल्या त्या शिडं शिवणाऱ्याच्या घरातून. बोटांना सुईचे घट्टे, चालणं ताठ, आणि वाइनचा एक घोटही कधी घेतलेला नाही. लग्नाला महिना होतो न होतो तोच एका दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेला हुंगला आणि म्हणाल्या, "मामंजी, याला बंदराच्या धक्क्याचा वास येतोय." बाबा हसले. नव्या सुनेला माहेरची आठवण येत असेल, असं त्यांना वाटलं. पण बाबांचा स्वभाव असा की शंका एकदा डोक्यात शिरली की झोप नाही. तळघरात जाऊन शोधलं, तर त्या पिंपाचं बूच कुणीतरी डांबर लावलेल्या दोरखंडाच्या पोत्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून चव बघायला बसताना बाबा सुनेसाठी शेजारची खुर्ची ओढून ठेवायला लागले. थोरल्याला ती खुर्ची बारा वर्षांत मिळाली नव्हती.

मग एका वर्षी, ऐन द्राक्षं पिकायच्या तोंडावर, थोरला गेला. पिंपांच्या दोन रांगांमध्ये उभा होता, खाली बसला, तो उठलाच नाही. लोक भेटायला आले. तोंडावर सांत्वन, आणि नजर खिडकीतून मळ्यावर. बाई आता विकणार, हे सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. वहिनींनी सगळ्यांना कॉफी दिली, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "सोमवारी तोडणी सुरू करतेय. कुणाकडे जास्तीच्या टोपल्या आहेत?" धाकटा दारात उभा होता. ही बाई कुठल्या मातीची आहे, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि नंतरच्या वीस वर्षांत त्याचं उत्तर काही सापडलं नाही.

त्या वीस वर्षांत वहिनींनी काय काय केलं ते सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. ज्या खडकाळ उतारावर शेळीसुद्धा तोंड वाकडं करायची, तिथे त्यांनी वेली लावल्या. जुन्या दाबयंत्राचा खटारा काढून नवं यंत्र आणलं. टाक्यांना सुरक्षेची शिडी बसवली. सहा माणसांची चाळीस झाली. आणि एवढं सगळं झाल्यावर, बायका ज्या वयात गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात त्या वयात, वहिनींनी खाडीच्या चिखलात रुतलेली एक मोडकी शिडाची होडी विकत घेतली.

तीन हिवाळे ती होडी द्राक्षं दाबायच्या शेडमध्ये आडवी पडून होती. धाकट्यानं तिच्या फळ्या बदलल्या, कारण वाकवलेली फळी आणि तो यांचं जुनं नातं. शिडं वहिनींनी स्वतः शिवली, बापाच्या सुईनं. होडी पाण्यात उतरली तेव्हा अख्खं बंदर बघायला आलं. लोक तिला यॉट म्हणायला लागले, कारण वहिनी आता मोठ्या असामी झाल्या होत्या. वहिनी होडीच म्हणायच्या. दर रविवारी पहाटे एकट्या निघायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या, तोंडावर मीठ आणि वय दहा वर्षांनी कमी. धाकटा धक्क्यावरूनच हात हलवायचा. होडी बांधणं वेगळं आणि होडीत बसणं वेगळं, असं त्याचं स्पष्ट मत होतं. पाण्याशी त्याचा संबंध पिंपं धुण्यापुरता.

भानगड सुरू झाली ती समुद्रापलीकडून आलेल्या एका पत्रानं. तिकडच्या एका व्यापाऱ्याला वहिनींची वाइन हवी होती, पिंपांतून, जहाजानं. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "नाही."

"का नाही, मामंजी?"

"आपल्या वाइनला समुद्र मानवत नाही. माझ्या आजोबांनी एक जहाज भरून पाठवलं होतं. तिकडे पोचेपर्यंत वाइन आंबून सगळा सिरका. तेव्हापासून या घराचं एक पिंप पाण्यावर गेलेलं नाही, आणि मी जिवंत आहे तोवर जाणार नाही."

"आजोबांच्या पिंपांत काय चुकलं होतं, कुणी बघितलं होतं का?"

"समुद्र चुकला होता."

वाट्यांतलं सूप निवून गेलं, पण दोघांपैकी कुणी मागे हटेना. बाबा चौऱ्याऐंशीचे, वहिनी अठ्ठावन्नच्या, आणि हट्टाच्या बाबतीत दोघे एकाच वयाचे. शेवटी ठरलं ते असं. चार लहान पिंपं वहिनींनी आपल्या होडीत घालून मोठ्या बेटाला वळसा मारून आणायची. अकरा दिवसांचा प्रवास. परत आल्यावर मळेवाल्यांच्या समोर बाबा चव घेणार. चारही पिंपं चांगली निघाली, तर वाइन खुशाल जगभर जाऊ दे. "आणि एक जरी बिघडलं," बाबा म्हणाले, "तर होडी विकायची. पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही."

धाकट्याला वाटलं, आता वहिनी काहीतरी सूट मागतील. वहिनींनी वाटी उचलली आणि थंड सूप संपवलं. "चालेल, मामंजी," त्या म्हणाल्या, आणि मग धाकट्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही येताय. पिंपांबरोबर पिंपवाला पाहिजे."

पहिल्या दोन तासांतच धाकट्याच्या पोटानं सगळा हिशेब बाहेर मांडला. हिरवा पडून तो खाली पिंपांशेजारच्या बाकावर आडवा झाला. चारही पिंपं बाकाखाली पाचरी मारून पक्की बसवलेली, काठोकाठ भरलेली. वहिनींनी खाली डोकावून एकच गोष्ट बजावली होती: डेकवरची ती चौकोनी झडप उघडायची नाही. पण खाली कोंदट व्हायचं. ओल्या लाकडाचा आणि वाइनचा वास नाकात बसायचा, आणि होडी एकदा इकडे झुकायची, एकदा तिकडे. झडप वीतभर उघडली की कोरडा गार वारा सरळ तोंडावर यायचा आणि पोट जागेवर राहायचं. धाकट्यानं ती वीतभर उघडली. मग हातभर. वहिनी मागे सुकाणूपाशी, शिडाच्या आड. त्यांना दिसायची नाही. चार दिवस झडप उघडीच राहिली.

वर वहिनींचं काय चाललं होतं ते त्यानं तिसऱ्या दिवशी पाहिलं, जेव्हा त्याला बसता यायला लागलं. त्या सुकाणू धरून बसल्या होत्या आणि काहीच करत नव्हत्या. निदान त्याला तसं वाटलं. मग लक्षात आलं की त्यांच्या मनगटाची सतत बारीक हालचाल चालू आहे, आणि प्रत्येक लाट होडीखाली यायच्या क्षणभर आधी मनगट वळलेलं असतं. लाट येऊन धडकायची ती जणू विचारूनच. घरी कामगारांवर डाफरणारी, पावत्यांवर सह्या करणारी, दातदुखीनं वैतागणारी हीच ती बाई, हे त्याला खरंच वाटेना. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"माशी जाईल, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सकाळी धाकट्याचा पाय बाकाखाली ओला झाला. त्यानं बोट लावून चाखलं. पाणी नव्हतं.

तिसरं पिंप, झडपेच्या बरोबर खालचं, गळत होतं. वरच्या दोन फळ्या चार दिवसांच्या कोरड्या वाऱ्यानं सुकून आकसल्या होत्या. तळघरात कायम ओल असते, म्हणून तिथे पिंपाची फळी फुगून घट्ट राहते. शिकाऊ कारागिराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट: पिंपाला वारा लागू द्यायचा नाही. आणि त्यानं, चाळीस वर्षं पिंपं बांधणाऱ्या माणसानं, आपल्या पोटासाठी त्याला चार दिवस वाऱ्यावर ठेवलं होतं. बूच काढून काठी बुडवली. वाइन सुमारे वीतभर खाली गेली होती. वर तेवढी हवा, आणि प्रत्येक लाटेला वाइन त्या हवेत घुसळली जात होती. असं आणखी सहा दिवस चाललं असतं तर घरी सिरकाच पोचला असता.

तो वर गेला आणि वहिनींना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायला तोंडच नव्हतं.

वहिनींनी एकदा झडपेकडे पाहिलं. "पिंपाची कडी आवळा. पोती समुद्रात भिजवून चारही पिंपांवर टाका. झडप बंद करा. मग बोलू."

त्यानं हातोडी काढली आणि झुकत्या होडीत गुडघ्यांवर बसून कडी ठोकली. दर दुसरा घाव स्वतःच्या बोटावर. गळती थांबली. पण वरची पोकळी तशीच होती. भरायला वाइन कुठून आणायची? दुसऱ्या पिंपांतून घेतली तर तीही अपुरी पडणार.

"गोटे," वहिनी म्हणाल्या. "पिंपात गोटे सोडले की वाइन वर येते. माझ्या सासरी करायचे असं, जास्तीची वाइन नसली की."

"तुमच्या सासरी म्हणजे आमच्याच घरी ना!"

"हो. तुम्ही विसरलात, म्हणून सांगितलं."

होडीच्या तळाशी वजनासाठी ठेवलेले दगड होते, पण ते डोक्याएवढे. बुचाचं भोक दोन बोटांचं. बारीक गोटे पाहिजेत, म्हणजे किनारा पाहिजे. बेटाच्या या बाजूला किनारा एकच होता, एक लहानशी खोबण, आणि तिच्या तोंडाशी दोन काळे खडक. मधली फट होडीच्या रुंदीपेक्षा थोडीच मोठी. मागून वारा वाढत होता. पश्चिमेला आभाळ शिसासारखं झालं होतं.

"वहिनी, होडी वाचवायला तुम्ही होडीच पणाला लावताय," धाकटा म्हणाला.

"मग कशाला लावू? तुम्हाला?"

त्यांनी मोठं शीड उतरवलं, पुढचं लहान तेवढं ठेवलं. होडी खडकांच्या समोर आली तशी त्यांनी तिला वाऱ्याच्या तोंडाशी वळवून जागच्या जागी थोपवलं. मग डोळे मिटले आणि मान एका बाजूला कलती केली. लाट खडकांवर फुटायची, फटीत शिरायची, आतून आवाज करत परत यायची. त्याला तो सगळा एकच गोंधळ ऐकू येत होता. वहिनी मात्र तळघरात बसल्यासारख्या बसल्या होत्या. एक लाट गेली. दुसरी गेली. चार-पाच गेल्या. मग डोळे न उघडताच त्यांनी सुकाणू ओढलं आणि म्हणाल्या, "धरून बसा."

होडी वळली आणि सुटली. डावा खडक इतका जवळून गेला की त्यावरचे शिंपले मोजता आले असते. उजवीकडून पाण्याची भिंत उठली आणि बाजूनं गेली. एका श्वासात ते आत होते, शांत पाण्यात, आणि मागे ती फट पांढऱ्या फेसानं पूर्ण भरून गेली. धाकट्यानं देवाचं नाव घेतलं नाही, कोणाचंच घेतलं नाही. तो नुसता वहिनींकडे बघत राहिला. माणूस इतकं कसं ऐकू शकतं? आपण बत्तीस वर्षं एका टेबलावर जेवलो आणि आपल्याला हिची ओळखच नव्हती, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बादल्या घ्या," वहिनी म्हणाल्या.

दोघांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून बोराएवढे, सुपारीएवढे गोटे वेचले. वहिनी प्रत्येक गोट्यावर जेवणासाठी आणलेल्या सिरक्याचा एक थेंब टाकायच्या. फेस आला की गोटा समुद्रात. तसला दगड वाइनचा आंबटपणा खाऊन टाकतो. काळे, गुळगुळीत, गप्प बसणारे तेवढे ठेवायचे. मग ते स्टोव्हवर पातेल्यात उकळायचे, निववायचे आणि बुचातून एकेक करून सोडायचे. बुडुक. बुडुक. सकाळची दुपार झाली. बाहेर वादळ खडकांवर डोकं आपटून घेत होतं, आणि आत दोन म्हातारी माणसं पिंपाला गोटे भरवत बसली होती. दोन बादल्या संपता संपता वाइन काठाला आली, थरथरली आणि एक थेंब बाहेर ओघळला. वहिनींनी बूच ठोकलं.

अकराव्या दिवशी ते बंदरात शिरले.

तळघरात लांब टेबल मांडलं होतं. आठ-दहा मळेवाले, सगळे चवीचे जाणकार, सगळ्यांची पिंपं धाकट्याच्याच हातची. बाबा खुर्चीत, कोट घालून. समोर पाच पेले. चार समुद्रावरून आलेल्या पिंपांतले, एक त्याच वाइनचा, पण घरीच राहिलेल्या पिंपातला. कुठला कुठे, हे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक.

बाबांनी पहिला पेला हुंगला, घोट फिरवला, बादलीत थुंकला. दुसरा. तिसऱ्याशी थांबले. परत हुंगला. मग चौथा, पाचवा, आणि पुन्हा तिसरा. तळघरात कुणी पाय हलवेना.

"चार उत्तम आहेत," बाबा म्हणाले. "कुठला घरचा, मला सांगता येत नाही. खरं सांगतो, येत नाही." हे बोलायला त्यांना किती जड गेलं ते धाकट्याला दिसलं. "पण या तिसऱ्याला हवा लागली आहे. जराशी. बाजारात कुणाला कळणार नाही. मला कळते."

ओतणाऱ्यानं खडूची खूण बघितली. समुद्रावरचं पिंप होतं. तिसरंच.

"बरोबर आहे, मामंजी," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. "पुढच्या आठवड्यात होडी विकते."

मळेवाल्यांत कुजबुज झाली. एकानं धाकट्याकडे बघत विचारलं, "पिंप गळलं की काय?"

"पिंपाला काय होतंय?" वहिनी पटकन म्हणाल्या. "चव बघायला मी बूच काढलं आणि लावताना सैल राहिलं. माझ्याच हातून झालं."

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. या खोलीतला प्रत्येक माणूस त्याचं गिऱ्हाईक होता. एक शब्द बाहेर पडला असता की याचं पिंप गळतं, तर उद्यापासून त्याच्या दुकानात कुणी फिरकलं नसतं. ते वहिनींना ठाऊक होतं. होडीवरच ठाऊक होतं. त्यांनी त्याचा धंदा आणि आपली होडी तागडीत घातली होती आणि होडी उचलून देऊन टाकली होती.

"वहिनी खोटं बोलतायत," तो म्हणाला. मग पुन्हा मोठ्यानं म्हणाला. "बूच घट्ट होतं. मला उलट्या होत होत्या म्हणून मी झडप उघडी ठेवली. चार दिवस. फळ्या सुकल्या आणि पिंप गळलं. माझं पिंप, माझ्यामुळे. त्यांनी तर ते वाचवलं. कसं वाचवलं ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. खडक, डोळे मिटलेल्या वहिनी, गोटे. बाबांनी तिसरा पेला उचलला आणि या वेळी थुंकला नाही, प्यायला.

"पैज समुद्राशी होती," बाबा शेवटी म्हणाले. "माझ्या मुलाच्या पोटाशी नव्हती. समुद्रानं काही बिघडवलेलं नाही." ते सुनेकडे वळले. "त्या व्यापाऱ्याला लिही. आणि होडी विकायची भाषा या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये."

बाहेर अंगणात वहिनींनी धाकट्याला गाठलं. त्या रागानं लालबुंद झाल्या होत्या. "कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? होडी काय, दोन महिने रडले असते आणि विसरले असते! तुम्हाला लोक जन्मभर नावं ठेवतील, कळतंय का तुम्हाला?"

"दोन महिने?" धाकटा म्हणाला. "फक्त?"

थोरला गेला तेव्हा टोपल्या मागणारी ती बाई अंगणाच्या मधोमध, रिकाम्या पिंपांच्या गाडीला टेकून, लहान मुलीसारखी ढसाढसा रडली. धाकटा शेजारी उभा राहिला. काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं आपला मळका रुमाल पुढे केला, आणि त्यांनी तो घेतला.

वहिनींचं म्हणणं खरं ठरलं. पहिल्या वर्षी त्याची निम्मी गिऱ्हाईकं गेली. काही परत आली, काही नाही. आणि आज बाजारात कुणी "अहो गळके!" अशी हाक मारली की धाकटाच वळून बघतो. नवीन माणसाला वाटतं, ते याचं आडनाव असावं. त्यानं चुकून विचारलंच, तर धाकटा त्याला बाकावर बसवतो आणि विचारतो, "तुम्ही कधी डोळे मिटून होडी हाकणारी बाई पाहिली आहे?"